वस्तीत डोळ्यांचा कॅम्प घ्यायचाय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी, पुण्यापुरतं

मंडळाची पोरं, सोसायटीतल्या काकू, कंपनीचा सीएसआर बघणारे, कॉलेजचे एनएसएसवाले, सगळ्यांना कधी ना कधी वाटतं की आपण वस्तीत डोळे तपासणीचा कॅम्प घेऊया, आणि मग पहिला फोन जातो फ्लेक्सवाल्याला. तो सगळ्यात शेवटी करा. पहिला प्रश्न असा की तपासून झाल्यावर ज्याला मोतीबिंदू निघेल तो माणूस कुठे जाणार, कोणासोबत जाणार आणि त्याचा खर्च कोण करणार. याचं उत्तर हातात नसेल तर कॅम्प घेऊ नका, खरंच नका घेऊ, कारण लोकांना "तुमचा डोळा खराब आहे" एवढं सांगून चहा पिऊन घरी जाणं यात कुणाचंच भलं नाही.

आधी हॉस्पिटल

ऑपरेशन वस्तीत, शाळेत, मंगल कार्यालयात होत नाही. पूर्वी तंबूत व्हायची, इन्फेक्शन होऊन लोकांचे डोळे जायचे, म्हणून आता ते बंद. वस्तीत फक्त तपासणी, ऑपरेशन हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्येच. त्यामुळे तुमचा कॅम्प हा कुठल्यातरी हॉस्पिटलला जोडलेलाच असायला हवा.

पुण्यात याबाबतीत आपण नशीबवान आहोत. ससून आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, हडपसरजवळ महंमदवाडीला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं एच. व्ही. देसाई आय हॉस्पिटल आहे, शिवाय ट्रस्टची बाकीची हॉस्पिटलं आहेत. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, त्यातून सरकारी आणि काही ट्रस्ट हॉस्पिटलांत गरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत होतात. हॉस्पिटलच्या कॅम्प विभागाला फोन करून भेटायला जा. फोनवर सगळं ठरवू नका, समोर बसून हे विचारा:

- टीममध्ये कोण येणार? नुसता ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा), की डोळ्यांचे डॉक्टरपण?
- ऑपरेशन पूर्ण मोफत, की लेन्सचे, औषधांचे, रक्त तपासणीचे पैसे वेगळे?
- पेशंट न्यायला गाडी येते का, आणि परत सोडायला?
- सोबतच्या माणसाची राहायची-जेवायची सोय आहे का?
- कुठली कागदं लागतात? आधार, रेशनकार्ड, अजून काय?
- ऑपरेशननंतरच्या तपासण्या तिकडेच, की वस्तीत येऊन करतात?

शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त माणसं तिथंच गळतात. पर्वतीजवळच्या जनता वसाहतीतून महंमदवाडी म्हणजे चांगलंच लांब, पीएमपीच्या बस बदलत बदलत सत्तरीच्या आज्जीला एका डोळ्यावर पट्टी असताना कोण नेणार, पोरगा सुट्टी घेणार म्हणजे त्याचा रोज बुडणार. "मोफत" या शब्दात हा बुडालेला रोज धरलेला नसतो.

वस्ती आणि वेळ

वस्ती ओळखीची घ्या. तुमची कामवाली ताई जिथे राहते, तुमच्या ऑफिसचा सिक्युरिटी जिथे राहतो, तिथून सुरुवात केली तरी चालेल. अनोळखी ठिकाणी जाताना आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका या दोघींना आधी भेटा, कुठल्या घरात कोण म्हातारं आहे, कोणाला शुगर आहे, कोणाचं पोर तिरळं बघतं हे त्यांना तोंडपाठ असतं. महापालिकेचा जवळचा दवाखाना असेल तर तिथल्या मेडिकल ऑफिसरना पत्र द्या, समाज मंदिर किंवा शाळा हवी असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, रस्त्यावर मांडव किंवा स्पीकर लावणार असाल तर पोलीस चौकी. आणि नगरसेवक किंवा दादा-भाऊ जे कोण असतील त्यांना सांगून ठेवा, टाळून काम होत नाही. पण एक अट आधीच घाला की भाषणं नाहीत, झालीच तर दहा मिनिटं, कारण डॉक्टर सकाळचे आलेले असतात आणि लाईन उन्हात उभी असते.

वेळेचं गणित मात्र वस्तीप्रमाणे बदलतं. रविवारी सकाळी १० ला ठेवला की आपल्याला सोयीचं, पण धुणीभांडी करणाऱ्या बायकांना रविवारी उलट जास्त काम असतं, घरी पाहुणे, मॅडम घरी. त्यांना दुपारी २ ते ४ बरं पडतं. कचरावेचक आणि 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताया सकाळी कामावर, दुपारनंतर मोकळ्या. हमालांचं त्यांच्या बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, तिथे हमाल पंचायतीच्या माणसांशी बोललात तर दहा गल्ल्या फिरायचं काम वाचतं, कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचंही तसंच. पाणी बंद असायचा वार टाळा, पुण्यात तो बऱ्याचदा गुरुवारी असतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं तेव्हा बायका हंडे सोडून येणार नाहीत. गणपती, नवरात्र, पालखी पुण्यात असतानाचे दिवस, दहावीची परीक्षा, हे तर सांगायला नकोच.

डोंगरउतारावरच्या वस्त्या, जनता वसाहतीचा वरचा भाग धरा, तिथे कॅम्प खाली पायथ्याला ठेवला की ज्यांना सगळ्यात कमी दिसतं तीच माणसं येत नाहीत. पायऱ्या उतरताना पडायची भीती. एकतर वरती जागा शोधा नाहीतर चार धडधाकट पोरं फक्त म्हाताऱ्यांना हात धरून आणायला ठेवा.

घरोघर फिरणं

आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी परत एकदा. रिक्षातून स्पीकर फिरवला की काम झालं असं समजू नका, त्याने चष्म्यासाठी पन्नाशीचे लोक येतात, खाटेवर बसून असलेले आजोबा येत नाहीत. दारात उभं राहून विचारायचं, "घरात कोणी म्हातारं माणूस आहे का, त्यांना नीट दिसतं का?" बहुतेक वेळा उत्तर येतं "दिसतं की थोडं थोडं, वय झालं आता." हे वाक्य ऐकलं की नाव लिहून घ्या. देशात २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्व्हेत पन्नाशीपुढच्या लोकांमधलं जे अंधत्व होतं त्यातलं सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे होतं, म्हणजे "वय झालं" म्हणून सोडून दिलेल्या अंध माणसांतल्या तिघांपैकी साधारण दोघांची नजर साध्या ऑपरेशनने सुधारू शकते.

येताना काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या, वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, ते बरोबर लक्षात ठेवतं. जुना चष्मा (तुटका असला तरी), चालू गोळ्यांची पाकिटं, आधीचे रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड. आणि डोळ्यात काजळ, मध, गुलाबपाणी काही घालून यायचं नाही.

जागा

जागा छान नसली तरी चालेल, फक्त तळमजल्यावर हवी, आणि लांबी हवी. अक्षरांचा तक्ता आणि माणूस यांच्यात ६ मीटर अंतर लागतं. तेवढी खोली नसेल तर ३ मीटर आणि आरसा, किंवा ३ मीटरचा वेगळा तक्ता मिळतो. पावलांनी मोजू नका, टेप लावून मोजा आणि खुर्चीच्या पायाशी खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा, नाहीतर दुपारपर्यंत खुर्ची पुढे सरकत सरकत ४ मीटरवर येते आणि सगळ्या वस्तीची नजर अचानक सुधारते. तक्त्यावर सारखा उजेड, माणसाच्या डोळ्यावर ऊन नको. डॉक्टरांना एक अंधारी कोपऱ्यातली जागा लागते, खिडकीला चादर लावा. दोन-तीन प्लग पॉइंट, एक्स्टेंशन बोर्ड, पिण्याचं पाणी, बायकांसाठी संडास. बस.

त्या दिवशीचा क्रम

१. नोंदणी. नाव, वय, घराची खूण, फोन, आणि फोन कोणाचा ते ("सून", "शेजारी", "मुलगा, रात्री ८ नंतर"). याकडे पुढे परत येतो.

२. नजर तपासणी. हे काम तासाभराच्या ट्रेनिंगनंतर तुमची माणसं करू शकतात. एकेक डोळा वेगळा. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून सगळे बघतात, पोरं तर हमखास. आणि झाकलेला डोळा दाबायचा नाही, दाबला की नंतर त्याच डोळ्याने थोडा वेळ धूसर दिसतं. अक्षर ओळख नसेल तर इंग्रजी ई चा तक्ता, ई चं तोंड कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं, आणि हे "वाचता येत नाही का?" असं मोठ्याने न विचारता सरळ सगळ्यांनाच ई वर तपासा, म्हणजे कोणाची मान खाली जात नाही. ६/६ म्हणजे चांगली नजर, आणि ६/६० म्हणजे चांगल्या डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवर यावं लागतं. चष्मा असेल तर चष्मा घालून पण बघा, आणि चष्म्याशिवायचं वेगळं लिहा.

३. बारीक भोकाची पट्टी, पिनहोल म्हणतात. ज्याला कमी दिसतंय त्याला त्या भोकातून बघायला सांगायचं. त्यातून चांगलं दिसलं तर बहुतेक नंबरचा प्रश्न आहे, चष्म्याने भागेल. नाही सुधारलं तर मोतीबिंदू किंवा आतल्या पडद्याचं काहीतरी, सरळ डॉक्टरकडे. स्वस्तातलं आणि सगळ्यात कामाचं अवजार हेच.

४. शुगर आणि बीपी, चाळिशीपुढच्या सगळ्यांचं. नर्सिंगची मुलं मिळाली तर उत्तम.

५. चष्म्याचा नंबर, ऑप्टोमेट्रिस्टकडे. मग डॉक्टर. मग समुपदेशनाचं टेबल. हे शेवटचं टेबल लोक विसरतात, त्यावर जरा खाली लिहितो.

बुबुळ मोठं करायचे थेंब घालायचे की नाही हे डॉक्टरच ठरवणार, तुम्ही बाटलीला हात लावायचा नाही. काचबिंदूचा धोका असलेल्या काही डोळ्यांत ते थेंब त्रास देऊ शकतात. आणि ज्याला थेंब घातले त्याला पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. पुण्यात वस्तीतले बरेच पुरुष रिक्षा, टेम्पो नाहीतर दुचाकीवर डिलिव्हरी करतात, त्यांना आधी विचारा, "आता गाडीवर जायचंय का?" हो म्हणाले तर थेंब दुसऱ्या दिवसावर ढकला.

चष्मे

चाळिशीचा चष्मा त्याच दिवशी हातात द्या. हा एकच भाग असा आहे ज्यात लगेच आनंद दिसतो. तयार चष्मे +१.०० पासून +३.०० पर्यंत ठेवा, पंचेचाळिशीला साधारण +१.२५ च्या आसपास आणि साठीला +२.५० च्या आसपास लागतात पण वयावरून द्यायचे नाहीत, घालून बघायचे. छापील कार्ड बाजूला ठेवा आणि सुई-दोरा, तांदळाची ताटली आणि गोळ्यांचं पाकीट ठेवा. तांदूळ निवडता आले, सुई ओवली, एक्स्पायरी दिसली, झालं. शिलाई मशीनवर काम करणारी ताई आणि निवडणं-टिपणं करणारी काकू यांचं अंतर वेगळं असतं, तिला ज्या अंतरावर काम आहे तिथे धरून बघायला लावा.

दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा लांबचा, आडवा (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर तो चष्मा करून घ्यावा लागतो, आठवडा-दहा दिवस. म्हणजे वाटपाचा दुसरा दिवस आधीच ठरवून, पावतीवर लिहूनच कॅम्प घ्या. फ्रेम लोकांना निवडू द्या. एकाच छापाच्या जाड काळ्या फ्रेम शंभर आणल्या की पोरी घालत नाहीत, आया म्हणतात "चष्मा लागला म्हटल्यावर लग्नाच्या वेळी अडचण," हे पटो न पटो पण फ्रेम बरी असली की निम्मा विरोध तिथंच संपतो. चारच प्रकार असू देत, पण आरसा ठेवा. जुने वापरलेले चष्मे गोळा करून वाटायची आयडिया दर वेळी कोणीतरी काढतं. नको. दुसऱ्याचा नंबर दुसऱ्याला बसत नाही आणि छाटणीत वेळ जातो तो वेगळाच.

मोतीबिंदू निघाला, पुढे?

समुपदेशनाच्या टेबलावर बोलकी, वस्तीतलीच बाई हवी, आणि जमलं तर जिचं किंवा जिच्या सासूचं ऑपरेशन झालंय अशी. डॉक्टरांच्या पाच वाक्यांपेक्षा "माझं झालंय, काय दुखत नाही आज्जी" याला वजन आहे.

जे ऐकायला मिळतं ते असं. "अजून पिकला नाही." पूर्वीच्या पद्धतीत पिकायची वाट बघायचे, आता गरज नाही, रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की करायचं, उलट फार पिकू दिला की ऑपरेशन अवघड होतं. "थंडीत करू." ऋतूचा काही संबंध नाही. "थेंबांनी जाईल." नाही जात, मोतीबिंदू विरघळवणारं औषध नाही. "शुगर आहे, जखम भरणार नाही." शुगर आटोक्यात आणून करतात. "एका डोळ्याने दिसतंय ना." यावर वाद घालू नका, चांगला डोळा झाकून समोरच्या नातवाचे कपडे कुठल्या रंगाचे ते विचारा.

आणि जे कोणी बोलत नाही ते म्हणजे सोबत कोण जाणार. सून कामाला, मुलगा कामाला. इथे तुमच्या टीमची खरी गरज आहे. पाच-सहा जणांची एक तुकडी करून एकाच दिवशी न्या, शेजारपाजारचे एकत्र असले की भीतीपण कमी होते आणि दोन स्वयंसेवकांत सगळे सांभाळले जातात. बहुतेक वेळा आधी बीपी, शुगर, ईसीजी बघतात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगायला विसरू नका, आणि बीपीच्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. ऑपरेशन स्वतः वीसेक मिनिटांचं.

नंतरचं लिहून द्या आणि घरातल्या एका माणसाला समोर बसवून सांगा: थेंब साधारण महिनाभर ते दीड महिना, आधी हात साबणाने धुवून, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता. सांगतील तितके दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, चुलीच्या धुरापासून लांब. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी. आणि ठळक अक्षरात: डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही, मेडिकलवरून थेंब आणायचे नाहीत. इथे तुमचा एक फोन नंबर द्या जो रात्री उचलला जाईल.

शुगरवाले आणि काचबिंदू

शुगर असेल तर "मला चांगलं दिसतं" याला अर्थ नाही, आतल्या पडद्यावर परिणाम सुरू झाला तरी बराच काळ काही जाणवत नाही. वर्षातून एकदा पडदा तपासायलाच हवा. काचबिंदूही तसाच गुपचूप असतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते, म्हणून घरात कोणाला असेल तर बाकीच्यांना तपासून घ्या. या दोन्ही गटांची यादी वेगळ्या रंगाने करा, कारण ऑपरेशन नाही म्हटल्यावर हे लोक खूष होऊन घरी जातात आणि परत येत नाहीत.

मुलं

मुलांचा कॅम्प मोठ्यांबरोबर नको, गोंधळ होतो. शाळेत घ्या, मुख्याध्यापकांशी बोलून, पालकांची परवानगी घेऊन. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या टीम अंगणवाड्या आणि शाळांत जातात, तिथे आधीच काही मुलं निघालेली असतील तर तीच यादी मागा, परत पहिल्यापासून तपासण्यात काय हशील. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं पोर, टीव्हीला नाक लावून बसणारं पोर, मान वाकडी करून बघणारं पोर, बाईंना विचारलंत तर पाच मिनिटांत नावं मिळतात. तिरळेपणाला "भाग्याचं लक्षण" म्हणून सोडून देतात, पण त्यात एक डोळा आळशी पडू शकतो, म्हणजे त्याची नजर कमी राहते, आणि सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर सगळ्यात जास्त फायदा. लहान बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली तर कॅम्पची वाटच बघू नका, त्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलला.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरं दाबतात आणि ती डोळ्यात उडते, डोळा कायमचा जाऊ शकतो. कॅम्पला आलेल्या प्रत्येक घराला एवढं सांगाच: लगेच नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाणी ओतत राहा, निदान १५-२० मिनिटं, पापणी उलटून कण दिसले तर तेही पाण्याने वाहू द्या, आणि मग तसंच हॉस्पिटल. तूप, दूध काही नाही.

यादी

कॅम्प संध्याकाळी संपतो तेव्हा तुमच्या हातात जी वही असते तेच खरं काम. साधी एक्सेल शीट करा, रकाने असे: काय निघालं, कुठे पाठवलं, कोणत्या तारखेला, गेले का, नाही गेले तर का, चष्मा मिळाला का, पुढची तारीख. "का" हा रकाना रिकामा ठेवू नका, "मुलगी बाळंत आहे", "शुगर ३०० आली म्हणून परत पाठवलं", "मालक सुट्टी देत नाही" हे लिहा, कारण उपाय प्रत्येकाचा वेगळा असतो. शुगर वाढली म्हणून परत पाठवलेला माणूस "मला नको म्हणाले" असं समजून घरी बसतो, त्याला कोणीतरी परत दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करून द्याव्या लागतात. फोन लागत नाहीत, नंबर बदलतात, म्हणून घराची खूण: "दत्त मंदिरामागे, निळं दार, चक्कीच्या शेजारी". एका गल्लीला एक माणूस असं वाटून घ्या. रोटरी-लायन्सकडे, कंपनीकडे पैसे मागायला गेलात तर "किती जणांना तपासलं" हा आकडा ते विचारतात, तुम्ही सोबत "किती जणांना ऑपरेशन सांगितलं आणि त्यातल्या किती जणांचं झालं" हा पण द्या, नाही विचारलं तरी.

फोटो काढायचे तर विचारून काढा. पट्टी बांधलेल्या आज्जीचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी आज्जीला विचारा, तिच्या मुलाला नाही.

काही जणांची नजर परत येणार नाही असं डॉक्टर सांगतील. त्यांचं नाव यादीतून काढू नका. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज भरायला मदत करा, तपासणीला नेमून दिलेल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तारीख मिळते, तिथेही सोबत माणूस लागतो. लहान मूल असेल तर पुण्यात अंध मुलांची शाळा कोरेगाव पार्कला आहे, मुलींची कोथरूडला, पालकांना एकदा नुसतं बघायला घेऊन जा. प्रवेशाचं तिथे गेल्यावर बोलू, आधी वर्ग चालू असताना बघू द्या.